पीळ, ढील आणि जिवंत आमिष

आपल्या मंडळात मासे खाणारे पुष्कळ, मासे पकडणारे मात्र मोजके. कोकणात ज्यांचं लहानपण गेलं त्यांना 'गरवायला जाणं' म्हणजे काय ते सांगायला नको. एक काठी, थोडी दोरी, गरीला लावलेली कोळंबी आणि खाडीच्या धक्क्यावर घालवलेली दुपार. न्यू जर्सीत आल्यावर तीच हौस रॅरिटन बेमध्ये भागवता येते. एप्रिल-मे महिन्यांत तिथे बंकर नावाच्या माशांच्या झुंडी शिरतात. हा आपल्या तारलीचा दूरचा नातेवाईक, अंगानं बराच मोठा आणि तेलकट. त्याच्या मागोमाग त्याला खाणारे स्ट्राइप्ड बास येतात. जिवंत बंकर गळाला लावून सोडणं हा मोठा बास मिळवण्याचा खात्रीचा मार्ग, आणि दोरीचा गुंता करून घेण्याचाही तितकाच खात्रीचा!

गुंता ही किरकोळ बाब वाटते. पण हिशेब करून पाहा. सहा जणांची चार्टर बोट चार-पाच तासांसाठी घेतली, प्रत्येकानं भरपूर डॉलर मोजले आणि त्यातले दोन तास गाठी सोडवण्यात गेले, तर मोठी माणसं हसून सोडून देतील. बारा-चौदा वर्षांचा मुलगा किंवा मुलगी मात्र पुन्हा येणार नाही. आईबाप आणि मुलं एका जागी बसली आहेत, फोन खिशात आहे आणि बोलायला वेळ आहे, अशा जागा या देशात आपल्याला किती मिळतात? म्हणून हा गुंता मुळातच होऊ नये यासाठी थोडी मेहनत घ्यावी असं मला वाटतं.

इंजिनिअरच्या नजरेनं पाहिलं तर गुंत्याची कारणं दोनच: पीळ आणि ढील. संक्रांतीला पतंग उडवलेल्यांना हे पटकन कळेल. मांजा ताणलेला असतो तोवर कितीही पीळ असला तरी तो सरळ राहतो. ढील दिली, मांजा गच्चीवर पडला, की त्याच्या आपोआप गुठळ्या होतात. जुन्या टेलिफोनची गुंडाळीदार वायर आठवा. रिसीव्हर हातात घेऊन चारदा फिरलं की वायर स्वतःभोवतीच वेढे घ्यायची. दोरीत साठलेला पीळ ताण जाताच वेढ्याच्या रूपानं बाहेर पडतो. प्लास्टिकचा बनावट मासा निदान आपण ओढू तसाच येतो. जिवंत आमिष मात्र पीळही स्वतः घालतं आणि ढीलही स्वतःच निर्माण करतं. बंकर बोटीपासून लांब पळतो, मग घाबरून उलटा वळतो आणि थेट आपल्याकडे येतो. त्या क्षणी दोरी सैल पडते.

पिळाचं मूळ बहुतेक वेळा रीलमध्ये असतं. इथे सर्रास मिळणाऱ्या स्पिनिंग रीलचा स्पूल फिरत नाही, त्याच्याभोवती एक दांडी फिरून दोरी गुंडाळते. मासा दोरी ओढतोय, ड्रॅग घसरतोय आणि आपण उत्साहानं हँडल फिरवतोय, अशा वेळी दोरी आत येत नाही, नुसता पीळ आत जातो. गिअर रेशो सहास एक असेल तर हँडलच्या एका फेऱ्याला सहा पीळ, म्हणजे वीस फेऱ्यांत एकशेवीस! मुलांना पहिल्या दिवशी एवढं एकच शिकवा: ड्रॅगचा आवाज येतोय तोवर हँडल फिरवायचं नाही. रॉड वर धरून थांबायचं, मासा थांबला की गुंडाळायचं. तसंच दोरी टाकून झाल्यावर बेल, म्हणजे ती तारेची कमान, हँडल फिरवून नव्हे तर हातानं बंद करावी आणि सैल दोरी बोटांनी ओढून मगच गुंडाळायला लागावं. हे मुलं दोन मिनिटांत शिकतात, मोठ्यांना वेळ लागतो.

मोठ्या बंकरसाठी मी स्वतः आडवं, फिरत्या स्पूलचं रील पसंत करतो. त्यात हा पीळ पडतच नाही. त्याचा दोष वेगळा. स्पूल मोकळा ठेवला आणि मासा झपकन पळाला की स्पूल दोरीपेक्षा जोरात फिरतो आणि दोरीचं जाळं होतं, ज्याला इथले कोळी 'पक्ष्याचं घरटं' म्हणतात. उपाय सोपा आहे. क्लिकर चालू ठेवायचा. त्यानं थोडा अडथळा राहतो, आमिषाला जाता येतं, पण स्पूल बेफाम होत नाही. शिवाय बास आला की कर्रर्र आवाजानं मुलं उड्या मारतात, हा जादा फायदा.

आता गळाकडचं टोक. मुख्य दोरी आणि लीडर यांच्यामध्ये स्विव्हल हवाच, आणि तो बॉल बेअरिंगचा. स्वस्तातला पितळी स्विव्हल हातात छान फिरतो, पण ताण आला की अडकतो, आणि आपल्याला तो नेमका ताणाखालीच फिरायला हवा असतो. लीडर साधारण तीन फुटांचा, जाड फ्लुओरोकार्बनचा घ्यावा. गोल दोरीचा ताठपणा तिच्या व्यासाच्या चौथ्या घाताप्रमाणे वाढतो. अर्ध्या मिलिमीटरऐवजी ०.७ मिलिमीटरची दोरी घेतली तर ती जवळजवळ चौपट ताठ होते. ब्रेड लाइन फार मजबूत, पण ओल्या सुतासारखी लुळी असते. ती थेट गळाला बांधली तर मासा एक वळसा घेऊन स्वतःच तिच्यात अडकतो. ताठ लीडर त्याला तसं करू देत नाही.

गळ कुठे टोचायचा यावरही बरंच अवलंबून आहे. नाकपुड्यांतून टोचलेला बंकर ओढताना डोकं पुढे करून सरळ येतो. शेपटीकडे किंवा पाठीत टोचलेला बंकर प्रवाहात आडवा होऊन भिरभिरतो, मग स्विव्हल तरी किती पुरणार? गळ सर्कल हूकच हवा, आणि त्याचं टोक बाजूला वळवलेलं नको. बाससाठी नैसर्गिक आमिष वापरताना अटलांटिक किनाऱ्यावर २०२१ पासून तसा नियमच आहे. झटका मारायचा नाही, दोरी ताठ होऊ दिली की गळ आपोआप ओठाच्या कोपऱ्यात बसतो. २०२३ साली ठेवता येणाऱ्या बासची वरची मर्यादा ३१ इंचांवर आणली गेली. तेव्हा मोठा मासा सोडायचाच असतो, आणि गुंत्यात वेळ गेला तर तो दमून मरतो. निघण्याआधी राज्याचे ताजे नियम जरूर पाहावेत.

रात्री काही मंडळी ईल लावतात. आपल्या वामेसारखा हा लांब, बुळबुळीत मासा गुंत्याचा महामेरू! जरा ढील मिळाली की लीडरवर चढून स्वतःच गाठ मारतो. त्याला बर्फावर ठेवून मंद करावं, फडक्यानं धरावं, जबड्यातून टोचावं आणि पाण्यात पडल्या क्षणापासून दोरी ताठ ठेवावी. मुलांबरोबर असताना मी या फंदात पडू नये असंच सुचवीन.

बोटीवर चार दोऱ्या असतील तर जागा ठरवून घ्या. भरती-ओहोटी बोटीला आणि आमिषाला बरोबरच नेते, बोट वेगळी सरकते ती वाऱ्यामुळे. म्हणून वारा ज्या बाजूनं येतोय त्या बाजूला दोऱ्या सोडाव्यात. दुसऱ्या बाजूला सोडल्या तर बोट त्यांच्यावरून जाते. एक तीस फुटांवर, एक पन्नास, एक सत्तर, आणि सगळ्यात चपळ बंकर सगळ्यात लांब. एकाला मासा लागला की बाकीच्यांनी लगेच गुंडाळायचं. इथे आपल्या लोकांना "माझा पण लागेल आत्ता" असं वाटत राहतं आणि मग चौघांची एकच दोरी होते. मासा बोटीला वळसा घालू लागला तर रॉड घेऊन त्याच्यामागे जायचं, दुसऱ्यांच्या दोऱ्यांच्या वरून किंवा खालून.

सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात, पण नायलॉनचा जातो. परतीच्या वाटेवर गळ, स्विव्हल सगळं काढून नुसती दोरी बोटीमागे शंभर-दीडशे फूट सोडावी आणि काही मिनिटं ओढत न्यावी. मोकळं टोक फिरून पीळ उलगडतं.

गाठ पडलीच तर दोन्ही टोकं ओढू नका. लीडर कापा आणि नवा बांधा, त्याची किंमत थोडी आणि वेळ दोन मिनिटांचा. कापलेली दोरी मात्र पाण्यात टाकायची नाही. सँडी हूकवर ऑस्प्रे घरटी करतात. हे मासेखाऊ शिकारी पक्षी काड्यांबरोबर अशी दोरीही घरट्यासाठी उचलून नेतात, आणि पिल्लांचे पाय तिच्यात अडकतात. बऱ्याच धक्क्यांवर दोरी टाकायला पांढऱ्या पाइपचे डबे लावलेले असतात. जवळ डबा नसेल तर घरी नेऊन सहा इंचांहून लहान तुकडे करून कचऱ्यात टाकावी. हे काम कात्री देऊन मुलांकडे सोपवावं, ती ते मन लावून करतात.