अळीमिळी गुपचिळी

हेर म्हटला की आपल्या डोळ्यांसमोर वेष पालटून शत्रूच्या गोटात शिरणारा बहिर्जी नाईक उभा राहतो. परंतु विसाव्या शतकातील लष्करी हेरगिरीचा मोठा भाग टेबलाशी बसून झाला. तेथे गोळी लागण्याची भीती नव्हती, तरीही माणसे मनाने खचली. मानसशास्त्राचा विद्यार्थी म्हणून मला या गोष्टीचे कुतूहल वाटते. म्हणून दुसऱ्या महायुद्धातील एका ठिकाणाची हकीकत येथे मांडतो.

लंडनपासून सुमारे ८० किलोमीटरवर ब्लेचली पार्क नावाचा वाडा आहे. जर्मन सैन्याचे 'एनिग्मा' यंत्रावर सांकेतिक केलेले बिनतारी संदेश उलगडण्याचे काम येथे चाले. १९४५ च्या सुरुवातीस हा वाडा व त्याची उपकेंद्रे मिळून सुमारे ९००० माणसे राबत होती, आणि त्यांत जवळजवळ तीन चतुर्थांश स्त्रिया होत्या. काम रात्रंदिवस, तीन पाळ्यांत. एनिग्माची जुळणी साधारणपणे रोज मध्यरात्री बदले. दिवसभर डोके फोडून उत्तर हाती येत असावे आणि बाराचे ठोके पडताच पाटी कोरी व्हावी! परीक्षेच्या आदल्या रात्री अभ्यासक्रम बदलला तर आपली काय गत होईल, याची कल्पना करून पाहावी.

आपण नापास झालो तर आपलेच वर्ष जाते. येथे तसे नव्हते. १ फेब्रुवारी १९४२ रोजी अटलांटिकमधील जर्मन पाणबुड्यांनी एनिग्मात चौथे चक्र बसवले आणि डिसेंबरपर्यंत त्यांचे संदेश जवळजवळ बंदच झाले. त्या दहा महिन्यांत जहाजे बुडत होती, खलाशी मरत होते, आणि न उलगडलेले कागद समोर पडलेले होते. ही टोचणी कोणत्या औषधाने जावी?

'बॉम्ब' नावाची यंत्रे चालवणाऱ्या नौदलातील मुलींचा ताण निराळा. यंत्रांचा खडखडाट, तेलाचा वास, तासन् तास उभे राहणे. आणि आपल्या यंत्राने नेमके काय शोधले, हे बहुतेकींना कधी कळलेच नाही. कष्टाचा माणसाला एवढा जाच होत नाही. आपण कशासाठी राबतो हे न कळण्याचा होतो, असे माझे मत आहे.

सर्वांत जड होते ते मौन. गुप्ततेच्या कायद्याखाली प्रत्येकाची सही घेतलेली. शेजारच्या बराकीत काय चालते हे विचारायचे नाही, घरी तर चकार शब्द नाही. आपण दिवसभराची कटकट घरी येऊन आईपाशी ओकतो व मोकळे होतो. या लोकांना ती वाटच बंद होती. टेनिस, नाटके, संगीत अशी करमणूक होती, नाही असे नाही. पण करमणूक म्हणजे मन मोकळे करणे नव्हे.

साहित्याच्या विद्यार्थ्यांना अँगस विल्सन हे नाव ठाऊक असेल. ते याच ठिकाणी नौदलाच्या संदेशांवर काम करीत होते आणि तेथेच त्यांना मानसिक आजाराने गाठले. त्यांच्यावर मानसोपचार झाले. युद्धानंतर ते कथा लिहू लागले व १९४९ साली 'द रॉंग सेट' हा त्यांचा पहिला कथासंग्रह निघाला. प्रत्येकाला अशी लेखणी थोडीच सापडते!

(जाता जाता सांगतो, ब्लेचलीशी जोडलेले एक केंद्र दिल्लीतही होते. आनंद पर्वतावरील रामजस कॉलेजच्या इमारतीत ते थाटले होते व तेथे जपानी संदेशांवर काम चाले.)

युद्ध संपले तरी तोंडाचे कुलूप निघाले नाही. १९७४ साली विंटरबॉथम यांचे पुस्तक आले तेव्हा कोठे जगाला ही गोष्ट कळली. तोवर कित्येकांचे आईवडील, आपल्या मुलीने युद्धात काय केले हे न कळताच वारले होते. एकाच ठिकाणी काम केलेल्या नवरा-बायकोलाही एकमेकांचे काम तेव्हाच समजल्याची उदाहरणे आहेत.

अमेरिकेच्या हवाई दलाने अलीकडे व्हर्जिनियातील लँगली तळावर यावर एक तोड काढली. वैमानिकरहित विमानांनी टिपलेली दृश्ये तासन् तास पाहणाऱ्या विश्लेषकांसाठी तेथे मानसशास्त्रज्ञ व धर्मोपदेशक नेमले, आणि त्यांनाही अतिगुप्त माहिती ऐकण्याची परवानगी दिली.