आठवीला मुलाचे नाव कोठे घालावे?

सातवीचा निकाल लागला की आमच्या दुकानी कापड घेणाऱ्यांबरोबर सल्ला विचारणारेही येतात. यंदा एक ओळखीचे कारखानदार आले. कारखानदार म्हणजे आठ सांचे आणि स्वतःच मुकादम. मुलगा हुशार, बंद पंखा उघडून चालू करतो. त्याला गावच्या दुसऱ्या टोकाच्या टेक्निकल हायस्कूलमध्ये घालावे की मोहल्ल्याच्या उर्दू शाळेतच ठेवावे, हा त्यांचा प्रश्न.

टेक्निकल शाळेत आठवी ते दहावी नेहमीचे विषय असतातच, जोडीला यंत्र व विजेची मूलतत्त्वे, ड्रॉइंग आणि वर्कशॉप. कानस कशी धरावी, तार कशी जोडावी, हे हाताला बसते. परीक्षा मात्र दहावीचीच. तेथून निघालेला मुलगा फिटर होऊनच येतो, हा पुष्कळांचा गैरसमज आहे. फिटर वा इलेक्ट्रिशियन होण्यासाठी दहावीनंतर आयटीआयची दोन वर्षे कोणालाही चुकत नाहीत.

खरी अडचण माध्यमाची. आम्ही उर्दू शाळेत शिकलो. हिशेबात कधी मागे पडलो नाही, पण धंद्यात पडल्यावर विक्रीकराची पहिली नोटीस मराठीत आली, ती शेजारच्या दुकानदाराकडून वाचून घ्यावी लागली. सातवीपर्यंत मुसल्लस म्हणणाऱ्या पोराला आठवीत एकदम त्रिकोण आणि ट्रँगल म्हणायला लावले तर तो गणितात नव्हे, भाषेत नापास होतो. मग बाप म्हणतो, शाळा पुरे, चल सांच्यावर. अशी दोन-तीन मुले आमच्या डोळ्यांदेखत गेली. आणि दहावीच हुकली तर डिप्लोमाही नाही, फिटर-इलेक्ट्रिशियनचा आयटीआयही नाही.

एक मधली वाट आहे. सरकारी तंत्र माध्यमिक शाळा केंद्रांत जवळपासच्या शाळांची मुले आठवड्यातील काही तास टेक्निकल विषय शिकायला जातात, बाकीचे शिक्षण आपल्याच शाळेत. आपली शाळा अशा केंद्राला जोडलेली आहे काय, हे हेडमास्तरांना विचारावे. नसेल तर चार पालकांनी मिळून अर्ज द्यावा. टेक्निकल विषय घेतल्याने दुसरा कोणता विषय सुटतो, हेही तेव्हाच विचारून घ्यावे, नंतर पस्तावा नको.

तेही न जमल्यास मोहल्ल्याच्या शाळेत दहावी चांगली करून दोन वर्षांचा आयटीआय करावा. त्यावर पॉलिटेक्निकच्या दुसऱ्या वर्षाला थेट प्रवेश मिळू शकतो. दहावीवरून सरळ गेले तर डिप्लोमा तीन वर्षांत होतो, या वाटेने एक वर्ष जास्त लागते. पण मध्येच घर अडचणीत आले तरी हातात ट्रेडचे सर्टिफिकेट असते. मुलींसाठीही ही वाट खुली आहे. राज्यातील सरकारी आयटीआयमध्ये त्यांना ३० टक्के जागा राखीव आहेत.

आमच्या पिढीचा मुकादम धोट्याच्या आवाजावरून सांच्याचे दुखणे ओळखत असे. रेपिअर सांच्यावर कान पुरत नाही, पडद्यावरचा इंग्रजी फॉल्ट वाचावा लागतो. बाहेरगावचा मेकॅनिक येईपर्यंत सांचा उभा आणि कामगार बसलेला. हे नुकसान मांडायला वहीची गरज नाही.

त्या कारखानदारांनी मुलाला मोहल्ल्याच्याच शाळेत ठेवले, संध्याकाळी मराठी-इंग्रजीची शिकवणी लावली. परवा ग्रे कापडाचा भाव विचारायला आले, तेव्हा शिकवणीच्या फीबद्दल कुरकुर करीत होते. भावात आम्ही मीटरमागे थोडे सोडले.