डेक कोसळतो तो भिंतीपाशी

अमेरिकेतल्या लाकडी घरांच्या मागे बऱ्याचदा डेक असतो. उन्हाळ्यात तिथेच बार्बेक्यू, तिथेच वाढदिवस. न्यू जर्सीतल्या मराठी घरांतही. पाहुणे कौतुक करतात ते पायाखालच्या फळ्यांचं आणि कठड्याचं. डेकचा जीव मात्र लेजर बोर्डात, म्हणजे भिंतीला आडव्या जोडलेल्या फळीत असतो. डेकच्या वाशांचं एक टोक खांबांवरच्या तुळईवर टेकतं, दुसरं या फळीवर.

तिथली बांधकाम-संहिता दर चौरस फुटाला ४० पौंड, म्हणजे साधारण १८ किलो भार धरायला सांगते. १२ बाय १६ फुटांच्या डेकवर हा भार साडेतीन टनांच्या आसपास जातो आणि त्यातला जवळपास निम्मा लेजरवर येतो. लेजर नुसत्या खिळ्यांवर असेल तर? सरळ खाली दाबणारं वजन खिळा बराच काळ पेलतो. पण माणसं नाचू लागली की डेक भिंतीपासून बाहेर ओढला जातो आणि खिळा आला त्या वाटेने निसटतो. लाकूड ऋतूगणिक फुगतं-आकसतं, त्यामुळे खिळ्याची पकड आधीच सैल झालेली असते. म्हणून इथे अर्धा इंची बोल्ट किंवा जाड लॅग स्क्रू लागतात, आणि ते घराच्या सांगाड्यातल्या भरीव लाकडात जावे लागतात. दर्शनी विटांत बसवलेले चालत नाहीत.

एवढं करूनही पाणी उरतंच. लेजरमागच्या फटीत ते मुरतं, वारा लागत नाही, बुरशी लाकूड खाते. उपाय अगदी स्वस्त आहे, म्हणूनच तो टाळला गेला की चीड येते: फ्लॅशिंग नावाची वळवलेली पट्टी. वरची कड भिंतीच्या आवरणामागे, खालची लेजरवरून पुढे. कौलांसारखं पाणी पुढे ढकलायचं. कुजू नये म्हणून रसायन मुरवलेल्या लाकडातलं तांबं साध्या लोखंडाला गंजवतं, त्यामुळे बोल्ट जाड जस्तलेपाचे किंवा स्टेनलेस स्टीलचे हवेत.

१६ जून २०१५ रोजी कॅलिफोर्नियातल्या बर्कलीत एका इमारतीची बाल्कनी कोसळून सहा जण गेले. तिला लेजर नव्हता, वासे भिंतीतूनच बाहेर आलेले होते. पण कुजले होते ते भिंतीपाशीच. २०१८ मध्ये त्या राज्याने तीन किंवा अधिक बिऱ्हाडांच्या इमारतींतल्या अशा लाकडी बांधकामांची दर सहा वर्षांनी तपासणी सक्तीची केली.

स्वतःच्या घरात पहिली पाहणी स्क्रूड्रायव्हर आणि टॉर्च घेऊन करता येते. डेकखाली जाऊन बोल्टांची डोकी, गंजाचे ओघळ, भिंत आणि लेजर यांच्यात वाढलेली फट पाहायची. लाकडात, विशेषतः दाराखाली, टोक दाबायचं. ते सहज रुतलं, तर दुरुस्ती होईपर्यंत डेकचं दार बंद.