राजाबाई, नाथीबाई आणि नागसेनवन

प्रेमचंद रायचंद यांनी १८६४ साली मुंबई विद्यापीठाला ग्रंथालयासाठी २ लाख रुपये देऊ केले आणि पाठोपाठ मनोऱ्यासाठी आणखी २ लाख. मनोऱ्याला आईचं, राजाबाईंचं नाव द्यावं, एवढीच त्यांची इच्छा. तेव्हा अमेरिकेत यादवी युद्ध पेटलेलं होतं, तिकडचा कापूस इंग्लंडला मिळेनासा झाला होता आणि मुंबईत पैशांचा नुसता पूर आला होता. १८६५ मध्ये युद्ध संपलं, शेअरबाजार कोसळला आणि या पुरात सर्वांत पुढे पोहणारे प्रेमचंदच बुडाले. मनोऱ्याचं काम सुरू झालं ते त्यानंतर, १८६९ मध्ये. २८० फुटांचा तो मनोरा १८७८ मध्ये पुरा झाला. देणाऱ्याची पत गेली होती, तरी विद्यापीठाने शब्द फिरवला नाही. राजाबाईंना दिसत नव्हतं, जैन रिवाजाप्रमाणे सूर्यास्ताआधी जेवता यावं म्हणून मुलाने ठोके देणारं घड्याळ बांधून दिलं, ही गोष्ट मुंबईत सगळेच सांगतात. गोष्ट गोड आहे. पण आज पैसे द्यायचे आणि ठोके चौदा वर्षांनी ऐकायचे, म्हणजे माउलीने बराच धीर धरला म्हणायचा.

शेजारच्या दीक्षांत सभागृहासाठी कावसजी जहांगीर यांनी १८६३ मध्ये १ लाख रुपये दिले. या घराण्याचं आडनावच ‘रेडीमनी’, त्यामुळे तिथे नावाबद्दल काही विचारायलाच नको. दोन्ही वास्तूंचे आराखडे काढणारे लंडनचे गिल्बर्ट स्कॉट मुंबईत कधी आले नाहीत. त्यांचं नाव दोहोंपैकी एकीलाही नाही.

पुढच्या शतकात हाच व्यवहार आणखी मोठ्या आकड्यात झाला. महर्षी कर्व्यांनी १९१६ मध्ये महिला विद्यापीठ काढलं, पण पैशांची चणचण सुटेना. १९२० मध्ये गिरणीमालक सर विठ्ठलदास ठाकरसी यांनी १५ लाख रुपये देऊ केले आणि विद्यापीठाला त्यांच्या आईचं नाव लागलं : श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी. संस्थापकाचं नाव विद्यापीठाच्या नावात नाही, दात्याच्या आईचं आहे. कर्व्यांनी ते मोकळ्या मनाने स्वीकारलं. मुलींच्या शिक्षणाचं काम चालणं त्यांना नावापेक्षा मोलाचं होतं. देणगीतून मिळालेल्या नावाला आपण नाकं मुरडतो. मला मात्र तोच प्रकार सगळ्यांत उघडावागडा वाटतो. किती दिले, कोणी दिले, कोणासाठी दिले, सगळं कागदावर असतं.

पैसा नसेल तर नाव कशातून काढायचं, हे पाहायला औरंगाबादला, आताच्या छत्रपती संभाजीनगरला जावं. मुंबईत १९४६ मध्ये सिद्धार्थ महाविद्यालय काढल्यावर डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९५० मध्ये इथे महाविद्यालय सुरू केलं. इमारतीची कोनशिला १ सप्टेंबर १९५१ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते बसली. पुढे महाविद्यालयाला नाव मिळालं मिलिंद आणि परिसराला नागसेनवन. मिलिंद हा ग्रीक राजा मिनँडर. त्याने भिक्खू नागसेनाला प्रश्नांवर प्रश्न विचारले, उत्तरं पटली तेव्हा हार मान्य केली. पाली ‘मिलिंदपञ्ह’ हा ग्रंथ म्हणजे हाच संवाद. विद्यार्थ्याने प्रश्न विचारावेत आणि पटलं तर मोकळेपणाने कबूल करावं, अशी अपेक्षा महाविद्यालयाच्या पाटीवरच लिहून ठेवली गेली. यात देणगीदार नाही, सत्ताधारी नाही, स्वतः संस्थापकही नाही. माझ्या मते महाराष्ट्रातल्या कुठल्याही शैक्षणिक आवाराला यापेक्षा विचारपूर्वक नाव मिळालेलं नाही.

त्याच नागसेनवनाच्या शेजारी मराठवाडा विद्यापीठ आहे. २७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी त्याला बाबासाहेबांचं नाव देण्याचा ठराव केला आणि मराठवाड्यातल्या गावांत दलितांच्या वस्त्या जळू लागल्या. माणसं मारली गेली. ठराव झाला तरी अंमल होईना. लाँग मार्च निघाले, लोक तुरुंगात गेले. १४ जानेवारी १९९४ रोजी ‘डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ’ असा नामविस्तार झाला. ज्याने या शहरात उच्च शिक्षणाची वाट रुंद केली, त्याचं नाव पाटीवर यायला साडेपंधरा वर्षं लागली. नाव ही किरकोळ बाब आहे असं म्हणणाऱ्याने हा काळ एकदा वाचावा.

विद्यापीठांची नावं कायद्याच्या अनुसूचीत असतात, म्हणून ती बदलायला विधिमंडळ लागतं. पुण्याला सावित्रीबाई फुले (२०१४), जळगावला बहिणाबाई चौधरी (२०१८), सोलापूरला अहिल्यादेवी होळकर (२०१९) ही नावं अशीच आली. आवारातली इमारत, वसतिगृह, रस्ता यांना मात्र कायदा लागत नाही. व्यवस्थापन परिषदेत विषय आला, मंजूर झाला, पाटी लागली. म्हणूनच तिथे थोरामोठ्यांची नावं फार सढळ हाताने वाटली जातात, कारण त्याला खर्च नाही आणि विरोध करायची कोणाची छाती होत नाही.

जुलै २०२२ मध्ये तत्कालीन राज्यपाल भगतसिंह कोश्यारी यांनी मुंबई विद्यापीठाच्या आंतरराष्ट्रीय विद्यार्थी वसतिगृहाला सावरकरांचं नाव सुचवलं. विद्यार्थी संघटनांनी राजर्षी शाहूंचं नाव पुढे केलं. वाद लगेच पक्षांचा झाला. मुद्दा खरं तर सोपा होता. वसतिगृहं उभी करणं हे शाहू महाराजांचं हयातीतलं काम. कोल्हापुरात जातीजातींच्या मुलांसाठी त्यांनी ती काढली. सावरकरांची खोली पुण्यात फर्ग्युसनच्या वसतिगृहात जपलेली आहे, तिथे त्या नावालाही सबळ कारण आहे. माणूस मोठा की लहान हा प्रश्नच नाही. या जागेशी त्याचा संबंध काय, एवढंच विचारायचं.

हे विचारायचा एक मार्ग आपल्याही हातात आहे. २०१६ च्या सार्वजनिक विद्यापीठ कायद्यानुसार विद्यापीठाच्या अधिसभेतले १० सदस्य नोंदणीकृत पदवीधर निवडून देतात. वाचकहो, तुम्ही पदवीधर असाल तर नाव नोंदवा, आणि पुढच्या वेळी मत मागायला येणाऱ्याला एक गोष्ट सांगा : आवारातल्या प्रत्येक नावाच्या पाटीखाली ठरावाची तारीख आणि दोन ओळींत कारण लिहिलेलं हवं.