ईस्टरनंतरचे पन्नास दिवस

ईस्टरच्या दुसऱ्या दिवशीं आमच्या शेजारचे वकीलसाहेब मला दरवर्षीं विचारतात, "काय गुरुजी, आटोपला ना तुमचा सण?" आणि मी दरवर्षीं एकच उत्तर देतों, "आटोपला नाहीं, कालच लागला." त्यांना ही मास्तराची थट्टा वाटते. ती थट्टा नव्हे, एवढें सांगण्यासाठीं आजचीं हीं कांहीं मिनिटें मीं मागून घेतलीं आहेत.

ईस्टर म्हणजे प्रभु येशूच्या पुनरुत्थानाचा सण. नाताळाप्रमाणें त्याला ठरलेली तारीख नाहीं. २१ मार्चला किंवा त्यानंतर येणाऱ्या पहिल्या पौर्णिमेच्या पुढचा जो रविवार, तो ईस्टर. त्यामुळें तो २२ मार्चपासून २५ एप्रिलपर्यंत केव्हांहि पडूं शकतो. सन २०२४ मध्यें होळीची राख निवते न निवते तोंच ३१ मार्चला ईस्टर आला. २०२५ मध्यें हनुमानजयंती उलटून गेल्यावर २० एप्रिलला आला. चंद्राशीं बांधलेला हा सण असा मागेंपुढें सरकतो, ही गोष्ट श्रोत्यांनीं ध्यानांत असूं द्यावी. पुढें तिचें काम आहे.

ईस्टरपूर्वीं चाळीस दिवसांचा उपासकाळ असतो. त्यांत रविवार धरीत नाहींत. ईस्टरपासूनचा आनंदकाळ मात्र रविवारांसह पन्नास दिवसांचा. त्याच्या चाळिसाव्या दिवशीं प्रभूच्या स्वर्गारोहणाचा सण आणि पन्नासाव्या दिवशीं पवित्र आत्म्याच्या आगमनाचा. दुःखापेक्षां आनंदाचे दिवस अधिक ठेवणारा हा हिशेब, जन्मभर गणित शिकविलेल्या माणसाला, फार आवडतो. कॅथॉलिक मंदिरांत या काळांत उपासनेच्या वेळीं पास्काची मोठी मेणबत्ती तेवत असते व धर्मगुरूंचीं वस्त्रें शुभ्र असतात. हें सर्व डोळ्यांना दिसतें. मला बोलावयाचें आहे तें न दिसणाऱ्या भागाविषयीं.

ईस्टरच्या पहाटे मंदिरांत पाय ठेवावयास जागा नसते. पुढच्या रविवारीं निम्मीं बांकें रिकामीं असतात! मंडळीचा खरा संसार त्या रिकाम्या बांकांपासून सुरू होतो. या दिवसांत 'प्रेषितांचीं कृत्यें' या पुस्तकांतून वाचन होतें. प्रभूच्या पश्चात् त्याच्या शिष्यांनीं यरुशलेमांत एकत्र राहाणें कसें आरंभिलें, त्याची ती हकीकत आहे. कोणाला वाटेल, तींत सगळीं माणसें देवदूतांप्रमाणें वागलीं असतील. तसें नाहीं. सहाव्या अध्यायांत चक्क भांडण आहे. रोजच्या वांटणींत आमच्या विधवांकडे दुर्लक्ष होतें, अशी ग्रीक बोलणाऱ्या लोकांनीं कुरकुर केली. प्रेषितांनीं ती कुरकुर दाबली नाहीं. सर्व मंडळी जमविली आणि या कामासाठीं सात माणसें निवडावयास सांगितलीं. त्या सातांचीं नांवें तेथें दिलीं आहेत. तीं सातही ग्रीक आहेत. ज्यांची तक्रार, त्यांच्याच हातीं वांटप गेलें, असा त्याचा अर्थ माझ्या अल्पमतीप्रमाणें होतो.

इंग्लंडांतहि ईस्टरच्या आठवड्यांत गांवकऱ्यांनीं जमून मंदिराचे कारभारी निवडावे असा जुना रिवाज होता. आपल्याकडेहि पुष्कळ मंडळ्यांत वार्षिक सभा, पंचांची निवडणूक आणि हिशेबाचें वाचन याच सुमारास होतें. शाळांच्या परीक्षा संपलेल्या असतात. मुलांसाठीं सुटींतील शास्त्रशाळा भरते. उपासकाळांत थांबलेलीं लग्नें निघतात.

आतां आमच्या बीड जिल्ह्याकडे येतों. सप्टेंबर १९४८ पर्यंत हा मुलूख निजामाच्या राज्यांत होता. पश्चिमेस अहमदनगर, आतांचें अहिल्यानगर. तेथें १८३१ पासून अमेरिकन मराठी मिशनचें काम चाललें. उत्तरेस जालना, त्याच्याजवळ रेव्हरंड नारायण शेषाद्रि यांनीं एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत बेथेल हें गांव वसविलें. या दोन अंगांच्या मध्यें आमचा जिल्हा. पुढें २९ नोव्हेंबर १९७० रोजीं नागपूर येथें सहा संप्रदाय एकत्र येऊन उत्तर भारतीय मंडळी स्थापन झाली. मराठी मिशनच्या परंपरेंतील मंडळ्या तींत आल्या. कॅथॉलिकांचा औरंगाबाद धर्मप्रांत १९७७ मध्यें निर्माण झाला व आमचा जिल्हा त्यांत समाविष्ट झाला.

आमच्या उपासनेंत पेटी, टाळ आणि अभंग ऐकून नवख्यास नवल वाटतें. ती देणगी मुख्यत्वें रेव्हरंड नारायण वामन टिळकांची. पण टिळकांचें केवळ कवित्व सांगून थांबणें बरें नव्हे. १९१७ मध्यें त्यांनीं मिशनचा पगार सोडला आणि 'देवाचा दरबार' स्थापिला. त्यांत बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाहि जागा होती. ९ मे १९१९ रोजीं त्यांचा अंत झाला, तोहि ईस्टरनंतरच्या याच दिवसांत. मंडळी कोणाची, तिच्या वहींत नांव कोणाचें, हा प्रश्न त्यांनीं असा ऐरणीवर आणून ठेवला होता.

त्याच प्रश्नानें मला एकदां चांगलेंच शिकविलें. आमच्या जिल्ह्यांतील एका शहरी मंडळीचा मी बरींच वर्षें चिटणीस होतों. सभासदांची वही माझ्याकडे असे. नियम असा होता कीं, जें कुटुंब सहा महिने उपासनेस आलें नाहीं व ज्याची वर्गणी आली नाहीं, त्याचें नांव मतदारांच्या यादींतून गळावें. नियम वाईट नव्हता. केवळ निवडणुकीच्या दिवशीं उगवणाऱ्यांना आळा घालण्यासाठीं तो केला होता. पण हा जिल्हा ऊसतोड कामगारांचा. दसरा-दिवाळी झाली कीं मुकादमाची उचल घेतलेलीं जोडपीं कोयता घेऊन कारखान्यांकडे निघतात, तीं चैत्राच्या सुमारास परततात. येथें 'कोयता' म्हणजे नुसतें हत्यार नव्हे. नवराबायकोच्या जोडीलाच कोयता म्हणतात. मंडळीच्या कडेच्या वस्तींतील कांहीं घरें अशीं दरसाल जात.

एका वर्षीं ईस्टर लवकर आला. सभा नेहमींप्रमाणें लगेच पुढच्या रविवारीं. टोळ्या अजून फडावरच होत्या. मीं नियमाप्रमाणें, अगदीं सुवाच्य अक्षरांत, त्या घरांवर तांबडी रेघ ओढली. मदतनिधीची यादीहि त्याच वहीवरून उतरत असल्यामुळें तींतूनहि तीं घरें गेलीं. सभेंत कोणी हरकत घेतली नाहीं. घेणार कोण?

आठवड्यानें त्यांपैकीं एका घरची म्हातारी माझ्या दाराशीं आली. मुलगा-सून फडावर, आणि ही नातवंडांना सांभाळीत मागें राहिलेली. विधवा, म्हणून तिला निधींतून महिन्याचें धान्य मिळे. ती मंदिरांत येत असे, पण वहींत हजेरी कुटुंबप्रमुखाच्या नांवें लागत असे आणि वर्गणीदार प्रमुख घरीं नाहीं म्हणून तिच्या दारीं कोणी गेलेंच नव्हतें. तिनें पदराची गांठ सोडली व दर रविवारीं बाजूला काढलेलीं नाणीं माझ्या ओट्यावर ठेवलीं. म्हणाली, "गुरुजी, आमचं नांव खोडलंत म्हणं. मग हे पैसे कुणाच्या नांवावर लिवायचे?"

पस्तीस वर्षें मुलांच्या उत्तरपत्रिका तपासणाऱ्या मला त्या प्रश्नाचें उत्तर लिहितां आलें नाहीं. मीं ते पैसे घेतले, पावती दिली आणि पाळकसाहेबांकडे गेलों. त्यांनीं माझी बाजू घेतली नाहीं. मला उचलून थेट सहावा अध्याय वाचावयास लावला. लहान माणसाला मोठी लाज वाटावी अशी ती संध्याकाळ होती.

पुढच्या सभेंत तीन गोष्टी मंजूर झाल्या. हजेरी कुटुंबाची न लावतां माणसाची लावावी. वहींत 'हजर' आणि 'गैरहजर' यांच्याजोडीस 'फडावर' असा तिसरा रकाना असावा. आणि वार्षिक सभा ईस्टरलगत न घेतां पन्नासाव्या दिवसाच्या आधींच्या रविवारीं घ्यावी. तो रविवार, ईस्टर कितीहि लवकर पडो, मेच्या पहिल्या दिवसापूर्वीं येत नाहीं व तोंवर टोळ्या परतलेल्या असतात. तिसऱ्या ठरावावर दोन तास वाद झाला. मेमधील उन्हांत सभा कोण भरवितो, असें शहरांतील वडील मंडळी म्हणत होती. शेवटीं सभा सायंकाळीं, मंदिराच्या आवारांत, निंबाखालीं घ्यावी असें ठरलें.

पहिल्याच सायंसभेंत ती म्हातारी पुढें बसली होती. मदतनिधीचा हिशेब मीं वाचला. तिनें हात वर केला व गहूं कोणत्या भावानें घेतले तें विचारलें. तो आंकडा माझ्या वहींत नव्हता. पंचांतील एकानें दुसऱ्या दिवशीं दुकानदाराकडून पावत्या आणून मला दिल्या, आणि रविवारीं उपासनेनंतर मीं त्या सर्वांसमोर वाचून दाखविल्या.