शीर तुटली तरी धीर तुटू नये

पावसाळ्याच्या तोंडी आपल्या नांदेड-लातूर भागात कामाची एकच घाई उडते. अशा वेळी कोणी बांधावरून उडी मारतो, कोणी काळ्या मातीत रुतलेली गाडी जोर लावून रेटतो. एकदम टाचेच्या वर मागून कोणी काठी हाणल्यासारखे वाटते. 'कट्' असा आवाज होतो. वळून पाहावे तर मागे कोणीच नसते! माळेगावच्या जत्रेत कुस्ती खेळणाऱ्या पैलवानाच्या बाबतीतही हेच घडू शकते. "पाय मुरगळला असेल" म्हणून घरी तेल लावून चोळणे सुरू होते आणि मोलाचे दिवस वाया जातात. पाय मुरगळलेला नसतो, टाचेमागची शीर तुटलेली असते.

ही शीर कोणती?

ही रक्ताची शीर नव्हे. पोटरीचा स्नायू टाचेच्या हाडाला बांधणारा हा जाड, चिवट दोर आहे. जुन्या मराठीत त्याला धोंडशीर म्हणत. डॉक्टर त्याला अकिलीस टेंडन म्हणतात. आपल्या महाभारतात जशी दुर्योधनाची मांडी, तशी ग्रीक कथेतल्या अकिलीस या वीराची टाच हीच त्याची कच्ची जागा होती. त्यावरून हे नाव पडले. शरीरातला सर्वांत मजबूत दोर हाच, पण अचानक झटका बसला की तोही तुटतो. तिशी ते पन्नाशीच्या पुरुषांत हे जास्त आढळते. सिप्रोफ्लॉक्सासिनसारख्या काही गोळ्यांनी आणि स्टेरॉइडच्या इंजेक्शनांनी ही शीर कमजोर होऊ शकते. म्हणून दुकानातून मनाने औषधे आणून घेऊ नयेत.

ओळखावी कशी?

माणूस लंगडत का होईना चालतो, म्हणून फसगत होते. पण दुखऱ्या पायाच्या चवड्यावर उभे राहता येत नाही. टाचेच्या वर तीन-चार बोटांवर खळगा लागतो. रुग्णाला बाजेवर पालथे निजवावे, पावले काठाबाहेर सोडावीत आणि पोटरी हलकेच दाबावी. चांगल्या पायाचे पाऊल हलते, शीर तुटलेल्या पायाचे बहुधा हलत नाही. शंका आली तरी डॉक्टरांना दाखवावेच.

पहिल्या दिवशी

पायावर भार देऊ नये. चोळू नये, शेकू नये, हाडवैद्याकडून ओढून घेऊ नये. फडक्यात बर्फ गुंडाळून थोडा वेळ ठेवावा. बोटे खाली झुकलेलीच ठेवून पाय कामट्यांनी अलगद बांधावा. ऊसतोडीत कोयता किंवा सोयाबीन काढताना विळा लागून शीर कापली गेली असेल, तर स्वच्छ फडक्याने जखम दाबून धरावी. तिच्यात हळद, चुना, तंबाखू, माती काही भरू नये. धनुर्वाताचे इंजेक्शन लागते आणि अशा जखमेला बहुधा शस्त्रक्रियाही लागते. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. नांदेडला विष्णुपुरी येथील डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय आहे. लातूरला विलासराव देशमुख शासकीय वैद्यकीय विज्ञान संस्था आहे. दोन्हीकडे हाडांचे डॉक्टर भेटतात. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत आपला उपचार बसतो का, हे तिथल्या आरोग्यमित्राला विचारावे. रेशनकार्ड आणि आधार जवळ असावे.

टाके की प्लास्टर?

जखम नसेल तर दोन्ही मार्ग आहेत. २०२२ साली नॉर्वेतील डॉक्टरांनी ५२६ रुग्णांवरचा अभ्यास प्रसिद्ध केला. वर्षभरानंतर शस्त्रक्रिया झालेले आणि न झालेले यांच्या चालण्या-वावरण्यात फरक दिसला नाही. मात्र शस्त्रक्रिया न झालेल्यांत शीर पुन्हा तुटण्याचे प्रमाण शंभरात सहाच्या आसपास होते, शस्त्रक्रिया झालेल्यांत शंभरात एकाहूनही कमी. उलट शस्त्रक्रियेत जखम चिघळण्याचा आणि बोथटपणा येण्याचा धोका असतो. मधुमेह असणाऱ्याने आणि तंबाखू-बिडी ओढणाऱ्याने हे डॉक्टरांना स्पष्ट सांगावे. उपचार कोणताही असो, तो लवकर सुरू झाला पाहिजे.

पुढचे महिने

खरी परीक्षा यापुढे असते. पहिले दोन आठवडे बोटे खाली झुकवून प्लास्टर असते. या काळात पाय गोधडीच्या घडीवर उंच ठेवावा आणि बोटे हलवत राहावीत. प्लास्टर भिजू देऊ नये. पुढे बहुधा पट्ट्यांचा बूट देतात आणि टाचेखाली पाचरी बसवतात. दर काही दिवसांनी एकेक पाचर काढतात, म्हणजे पाऊल हळूहळू सपाट होते. किती भार द्यायचा आणि पाचर कधी काढायची हे डॉक्टरांनीच ठरवावे. बूट साधारण दोन ते तीन महिने लागतो. डॉक्टरांनी सांगितले असेल तोवर तो झोपतानाही काढू नये.

आपल्याकडचा सर्वांत मोठा धोका म्हणजे उकिडवे बसणे. त्याने जुळत आलेली शीर ताणून लांबते. लांबलेल्या शिरेचा पाय पुढे जोरच धरत नाही. म्हणून जेवण खुर्चीवर करावे. शौचासाठी मध्ये भोक पाडलेली खुर्ची वापरावी, गावचा सुतार ती सहज करून देतो. अनवाणी चालू नये, चिखलात जाऊ नये, शिडी चढू नये.

व्यायाम सांगितल्याप्रमाणे रोज करावेत. तीन महिन्यांच्या सुमारास भिंतीला धरून दोन्ही चवड्यांवर उभे राहण्याचा सराव सुरू होतो, नंतर एका पायावर. हलके काम आधी, जड काम सहा महिन्यांनंतर आणि तेही डॉक्टरांना विचारून. कुस्ती, कबड्डीला त्याहूनही वेळ लागतो. इंग्लंडचा फुटबॉलपटू डेव्हिड बेकहॅम याची ही शीर मार्च २०१० मध्ये तुटली. त्या वर्षीचा विश्वचषक हुकला आणि तो सप्टेंबरमध्ये मैदानात परतला. जगातले उत्तम डॉक्टर हाताशी असूनही सहा महिने लागलेच!

या खुणा दिसताच धावा

बोटे निळी पडणे किंवा बधिर होणे, जखमेतून पू येणे, ताप येणे, पोटरी एकाएकी दुखून सुजणे, ही लक्षणे दिसताच दवाखाना गाठावा. छातीत दुखून धाप लागली तर क्षणभरही थांबू नये. पायातली रक्ताची गुठळी फुप्फुसात गेल्याची ती खूण असू शकते.

घरच्यांनी काय करावे?

कर्ता माणूस बाजेवर पडला की पेरणीची काळजी त्याला शिरेच्या दुखण्याहून जास्त छळते. त्या काळजीपोटीच तो वेळेआधी वखरामागे उभा राहतो आणि पाय पुन्हा घालवतो. म्हणून पहिल्याच आठवड्यात घरच्यांनी, भावकीने एकत्र बसून कामे वाटून घ्यावीत. इर्जिक घालण्याची आपली जुनी रीत अशाच वेळेसाठी आहे. सारा भार एकट्या घरधनिणीवर पडू देऊ नये. पडल्या माणसालाही बसून होणारी कामे द्यावीत, जसे हिशोब, बियाणे निवडणे, शेंगा सोलणे. डाळ, दूध, अंडी आहारात असावीत. आणि आजारी पडलेली जर घरातली बाई असेल, तर तिलाही सहा महिन्यांची हीच विश्रांती मिळाली पाहिजे. चूल बसून पेटवायची असल्याने उकिडवे बसण्याचा धोका तिला अधिकच असतो.

एक हंगाम सांभाळून घेतला, तर पुढचे कितीतरी हंगाम हाच पाय शेतात साथ देईल.