जाम झालेला लोअर आर्मचा बोल्ट

लोअर आर्म हा मोटारीच्या पुढच्या चाकाला सांगाड्याशी जोडणारा खालचा दुवा. त्याचे बाहेरचे टोक बॉल जॉइंटने चाकाकडे अडकवलेले असते. आतले टोक सांगाड्याच्या दोन पोलादी कानांमध्ये एका आडव्या बोल्टवर धरलेले असते. चाक खड्ड्यात उतरले किंवा गतिरोधकावर चढले की आर्म या आतल्या टोकाभोवती वरखाली हलतो. धक्का थेट सांगाड्यात जाऊ नये म्हणून तिथे रबरी बुश बसवलेला असतो. रबर कडक होऊन फाटले की पुढून खडखड ऐकू येते, ब्रेक मारताना गाडी एका बाजूला ओढते आणि टायर एकाच कडेने झिजू लागतो. बुश बदलणे हे एरवी तासा-दोन तासांचे काम आहे. जुन्या गाडीत त्याला अख्खा दिवस जातो, आणि बहुतेक वेळा तो या एकाच बोल्टपायी जातो.

कोकणपट्टीतल्या गॅरेजांना हा बोल्ट चांगलाच ओळखीचा आहे. १९८३ मध्ये आलेल्या आणि २०१४ मध्ये उत्पादन थांबलेल्या मारुती ८०० चे लोअर आर्म साध्या दाबलेल्या पत्र्याचे असतात. त्यांच्या आतल्या टोकाला एकच बोल्ट असतो आणि पुढेमागे होण्यापासून आर्मला अँटीरोल बार धरून ठेवतो. रचना इतकी सुटसुटीत की नवशिक्यालाही एका नजरेत कळावी. पण रत्नागिरी-मालवणकडची गाडी वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस झेलते. उरलेले आठ महिने ती खाऱ्या वाऱ्यात उभी असते. मासळीच्या टेम्पोंतून रस्त्यावर सांडणारे खारे पाणी तिच्या पोटावर उडत राहते. जांभ्याची तांबडी माती त्या दोन कानांच्या बेचक्यात जाऊन बसते आणि वरवर सुकलेली दिसली तरी आत ओल धरून ठेवते. देशावर पंधरा वर्षे चाललेल्या गाडीचा बोल्ट हाताने बाहेर यावा आणि किनाऱ्यावर निम्मे आयुष्य काढलेल्या गाडीचा मुळीच हलू नये, यात नवल काहीच नाही.

हा बोल्ट नेमका कुठे अडकतो हे समजण्यासाठी बुशची घडण पाहावी लागते. बुशमध्ये एकात एक तीन थर असतात. बाहेरचे कडे आर्मच्या डोळ्यात दाबून बसवलेले असते, मधे रबर असते आणि आत पोलादी नळी असते. रबर दोन्हींना चिकटवलेले असते. बोल्ट या नळीतून आरपार जातो. नट आवळला की दोन्ही कान नळीच्या टोकांवर घट्ट दाबले जातात आणि नळी जागच्या जागी पक्की होते. म्हणजे गाडी चालताना बोल्ट फिरत नाही, नळीही फिरत नाही. आर्म वरखाली होतो तेव्हा फक्त रबराला पीळ बसतो आणि सुटतो. बोल्ट आणि नळी यांच्यामधली फट मिलिमीटरच्या काही दशांशांएवढी असते. केशाकर्षणाने पाणी तिथे शिरते आणि वाऱ्या-उन्हाच्या आवाक्याबाहेर पडून राहते. पाण्यातले मीठ त्याची विद्युतवाहकता वाढवते, लोखंडावर संरक्षक थर टिकू देत नाही, आणि गंजण्याचा वेग वाढतो. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो. त्यातली ऑक्साइडे कोणती यावर ती दुपटीपासून सहापटीपर्यंत जाते. फट भरते, भरल्यावर दाब धरते आणि बोल्ट-नळीचा एकच ठोकळा होतो.

आट्यांमध्येही गंज चढतो, पण तो बहुधा इतका हट्टी नसतो. म्हणून पहिला प्रश्न ताकदीचा नाही. बोल्ट नटात अडकला आहे की नळीत, हे आधी ठरवावे लागते. बरेच तरुण कारागीर ही पायरी गाळतात आणि चुकीच्या जागी तासन्‌तास घाम गाळतात.

ओळखायची रीत साधी आहे. बोल्टच्या डोक्यावर आणि शेजारच्या कानावर खडूने एक सरळ रेघ ओढायची, नट सुटलेला किंवा सैल असताना डोक्याला पाना लावून जोर द्यायचा आणि नजर बुशवर ठेवायची. रेघ तुटते, डोके थोडे फिरते, सगळे ठीक चालल्यासारखे वाटते. पाना सोडला की डोके मागे येते आणि रेघ पुन्हा जवळजवळ जुळते. याच वेळी रबराकडे पाहिले तर जुन्या चिरा उघडताना आणि मिटताना दिसतात. याचा अर्थ बोल्ट नळीला घेऊन फिरतो आहे आणि पीळ रबर खाते आहे. डोके मागे न येता तिथेच थांबले आणि फटीतून विटकरी भुकटी गळू लागली, तर बोल्ट नळीत सुटला आहे असे समजायला हरकत नाही.

पाना लावण्याआधीची तयारी थोडक्यात सांगता येते, पण ती टाळता येत नाही. गाडी सपाट जागी घ्यावी, मागच्या चाकांना उटी लावावी, पुढून उचलून भक्कम स्टँडवर ठेवावी. नुसत्या जॅकवर टांगलेल्या गाडीखाली अडकलेल्या बोल्टवर जोर लावणे जिवावर बेतू शकते, कारण बोल्ट सुटतो तेव्हा झटका गाडीलाच बसतो. तारेच्या ब्रशने नटाबाहेर आलेले आटे उजळ धातू दिसेपर्यंत घासावेत. गंजलेल्या आट्यांवरून नट ओढून आणला तर तो वाटेतच पुन्हा चावतो.

त्यानंतर तेल. गॅरेजात डिझेल किंवा रॉकेल वापरायची जुनी चाल आहे आणि डब्ल्यूडी-४० चा डबा आता जवळपास सगळीकडे दिसतो. हे द्रव्य १९५३ मध्ये अमेरिकेतल्या सॅन डिएगोमध्ये क्षेपणास्त्राचे पत्रे गंजू नयेत म्हणून बनवले गेले. पाणी हटवणे हे त्याचे मूळ काम. खास अडकलेल्या बोल्टांसाठी बनवलेली जिरती तेले त्याहून सरस पडतात. मात्र तेल कोणतेही असो, त्याला वेळ द्यावा लागतो. संध्याकाळी घालून रात्रभर ठेवणे आणि सकाळी पुन्हा घालणे हे पाच मिनिटांत अर्धा डबा रिकामा करण्यापेक्षा कितीतरी फळते. नटाच्या आट्यांत तेल उतरते. नळीच्या मधोमध गच्च बसलेल्या गंजापर्यंत ते क्वचितच पोहोचते, तेव्हा तिथे त्याच्या भरवशावर राहू नये.

नटासाठी सहा कोनांचे सॉकेट घ्यावे. बारा कोनांचे सॉकेट नटाच्या कोपऱ्यांवर टेकते आणि गंजलेले कोपरे लवकर गोल करते. सहा कोनांचे पूर्ण बाजूंना धरते. लांब दांड्याचा हँडल वापरावा, त्यावर पाईप चढवला तरी चालेल, पण जोर झटक्याने न देता वाढवत न्यावा. आधी नट किंचित आवळण्याच्या दिशेने हलवून पाहणे ही उपयोगी युक्ती आहे, कारण उद्देश फक्त गंजाची पकड मोडण्याचा असतो. पकड सुटते तेव्हा कट्‌ असा कोरडा आवाज येतो आणि पुढे नट करकरत फिरतो. हाताला जोर लागतो आहे पण आवाज नाही, उलट पाना मऊ लागतो आहे, असे झाले तर थांबावे. बोल्ट पिळला जातो आहे, अजून थोडे रेटले की तो तुटणार. करकर वाढली की पाव फेरा मागे घ्यावा, तेल घालावे, पुन्हा पुढे न्यावे. इम्पॅक्ट गन इथे चांगली चालते, कारण तिचे छोटे-छोटे ठोके गंजाला हादरे देतात आणि सलग पिळापेक्षा बोल्टला कमी शिणवतात.

एवढ्यानेही नट हलला नाही तर आच. पोलादाची लांबी प्रत्येक अंश सेल्सिअसला दर मीटरमागे सुमारे १२ मायक्रॉनने वाढते. १२ मिलिमीटर व्यासाच्या नटाचे भोक ४०० अंशांनी तापवले तर सुमारे ०.०६ मिलिमीटरने मोठे होते. आकडा किरकोळ वाटतो, पण गंजाचा थर तडकायला तो पुरतो. तापवायचा तो नट, बोल्ट नव्हे. दोन्ही सारखेच तापले तर दोन्ही सारखेच फुगतात आणि पदरात काही पडत नाही. ज्योत लावण्याआधी ब्रेकचा रबरी पाईप, इंधनाची नळी आणि बॉल जॉइंटचे रबर कुठे आहे ते पाहून ते ओल्या फडक्याने किंवा पत्र्याने झाकावे. शॉक ॲब्झॉर्बरला कधीही आच दाखवू नये. क्लोरीनयुक्त ब्रेक क्लीनर मारलेल्या जागी ज्योत नेऊ नये, कारण तापल्यावर त्यातून फॉस्जीन हा विषारी वायू तयार होऊ शकतो. बुशचे रबर पेटले तर काळा, घसा धरणारा धूर निघतो. म्हणून हे काम उघड्यावर आणि पाण्याची बादली जवळ ठेवूनच करावे.

नट निघाला म्हणजे काम संपले असे नव्हे. कोकणातल्या गाडीत खरे काम इथून पुढे सुरू होते. बोल्ट नळीत पक्का असतो. पहिली ओढ हातोड्याकडे जाते, आणि त्यानेच बहुतेक वेळा घोटाळा होतो. आट्यांवर सरळ घाव घातले की टोक छत्रीसारखे पसरते आणि मग ते नळीतून जाणे शक्यच राहत नाही. नट टोकाशी सपाट येईल इतका परत चढवून त्यावर पितळी दांडा धरला तर आटे वाचतात, पण घावाचा जोर तरीही वाया जातो, कारण नळी रबरात तरंगत असते. गादीवर ठेवलेल्या खिळ्यावर हातोडा मारण्यातला हा प्रकार आहे. घाव रबर पिते, गंजापर्यंत तो पोहोचत नाही. त्यापेक्षा डोक्याकडून इम्पॅक्ट गनने बोल्ट दोन्ही दिशांना फिरवत राहणे आणि त्याच वेळी दुसऱ्याने मागून पटाशीसारख्या बारने डोके बाहेर रेटणे अधिक कामाचे. नळीच्या कडेला टेकणारा आणि बोल्टलाच दाबणारा स्क्रूचा पुलर मिळाला तर उत्तम, कारण त्याचा दाब रबरातून न जाता थेट जोडावर पडतो.

बोल्ट नळीसकट रबरातच फिरू लागला, की त्याच्याशी झगडत बसण्यात अर्थ नाही. कापावा. बुश बदलायचाच आहे, बोल्ट नवा घ्यायचाच आहे, तेव्हा वाचवण्यासारखे असतात फक्त सांगाड्याचे दोन कान. हा हिशेब नीट मनात असला की निर्णय लवकर होतो आणि गिऱ्हाइकाचा दिवसही वाचतो. काप दोन लागतात, आर्मचा डोळा आणि कान यांच्या मधल्या फटीत, नळीसकट बोल्टच्या आरपार, दोन्ही बाजूंना एकेक. फट नसेल तर आर्म बारने एका बाजूला रेटला की रबर दबून पात्यापुरती जागा होते. लांब पात्याचे विजेवरचे करवत आणि त्याला धातू कापायचे पाते असेल तर काप सरळ जातो. ग्राइंडरला १ मिलिमीटर जाडीची चकती लावली तरी चालते, पण चकती तिरपी झाली की कानात खाच पडते आणि ती कायमची राहते. ठिणग्या कुठे उडतात तेही पाहावे लागते, पेट्रोलची नळी जवळच असते. पाते बोल्टमध्ये शिरले की आवाज बदलतो. पत्र्याचा कर्कश सूर जाऊन जाड, संथ खरखर येते, कारण चांगला बोल्ट कणखर असतो. त्याच्या डोक्यावर ८.८ किंवा १०.९ असे आकडे कोरलेले असतात, १०.९ म्हणजे तुटेपर्यंत सुमारे १००० मेगापास्कल ताण सहन करणारा आणि त्याच्या ९० टक्क्यांवर कायमचा ताणला जाऊ लागणारा.

दुसरा काप संपला की आर्म खाली येतो, आणि बुशमध्ये अडकलेला तुकडा उजेडात धरून पाहता येतो. कापलेल्या तोंडावर तीन वर्तुळे दिसतात. मधे बोल्टचा चकचकीत गाभा, बाहेर नळीचे तेवढेच चकचकीत कडे, आणि दोन्हींच्या मधे काळपट-तपकिरी पट्टी, दगडासारखी टणक, कुठेही फट नसलेली. ही पट्टी पाहिल्यावर तेल तिथे का पोहोचले नाही आणि हातोडा का हरला, हे वेगळे सांगावे लागत नाही.

काही गाड्यांत नट मोकळा नसतो, तो सांगाड्याच्या आत वेल्ड केलेला असतो. तिथे बोल्ट तुटला तर तुकडा आत राहतो, आणि नटाचे वेल्डिंग सुटले तर नट आतल्या आत फिरू लागतो. फिरणारा नट धरण्यासाठी पत्र्याला खिडकी पाडून नंतर ती बुजवावी लागते. तुटलेल्या तुकड्यावर सर्वांत भरवशाचा उपाय म्हणजे त्यावर नवा नट ठेवून आतून वेल्ड करणे. धरायला पकड मिळते आणि वेल्डिंगची आच तुकड्याच्या मुळापर्यंत जाऊन गंज मोडते. भोक पाडून एक्स्ट्रॅक्टर घालण्याचा मार्ग धोक्याचा आहे. एक्स्ट्रॅक्टर अतिशय कठीण पण ठिसूळ पोलादाचा असतो, आत तुटला तर साध्या ड्रिलला दाद देत नाही.

जोडणी उलट क्रमाने होते, पण तिचे काही नियम आहेत. नवा बुश प्रेसवर बाहेरच्या कड्याला दाबून बसवावा, आतल्या नळीवर दाब देऊ नये. कानांची आतली बाजू घासून स्वच्छ करावी, वेल्ड केलेल्या नटाचे आटे टॅप फिरवून साफ करावेत. बोल्ट त्याच ताकदीचा, शक्यतो कंपनीचा. आच लागलेला किंवा पिळलेला जुना बोल्ट कितीही चांगला दिसला तरी परत घालू नये. नायलॉनच्या कड्याचा नट एकदाच वापरायचा असतो. बोल्टच्या नळीत राहणाऱ्या गुळगुळीत भागावर ग्रीसचा किंवा जाम होऊ न देणाऱ्या अँटीसीझ लेपाचा पातळ थर द्यावा. पुढच्या वेळी हाच बोल्ट हाताने निघण्याची शक्यता या एका थराने खूप वाढते. आट्यांना मात्र कंपनीने सांगितले असेल तरच लावावे. पान्याला दिलेल्या जोरापैकी साधारण ९० टक्के जोर घर्षणात जातो आणि बोल्टला ताण देण्यासाठी जेमतेम १० टक्के उरतो. आटे बुळबुळीत झाले की त्याच टॉर्कला बोल्ट ठरल्यापेक्षा जास्त ताणला जातो.

नट आधी फक्त हलका आवळावा. गाडी चाकांवर उतरवून, पुढचा भाग दोन-चार वेळा दाबून सस्पेन्शन नेहमीच्या उंचीवर येऊ द्यावे आणि मगच वर्कशॉप मॅन्युअलमध्ये दिलेल्या टॉर्कला तो पक्का करावा. चाके हवेत लोंबकळत असताना आवळला तर नळी त्या कोनातच पक्की होते. गाडी जमिनीवर आली की रबराला कायमचा पीळ राहतो आणि नवा बुश काही महिन्यांत फाटू लागतो. शेवटी व्हील अलाइनमेंट तपासून घ्यावे. आर्मचे आतले टोक मिलिमीटरभर जरी सरकले तरी टायरचा उभा कल आणि टो, म्हणजे त्याचे आत-बाहेर वळलेपण, बदलतो, आणि ते डोळ्यांना दिसत नाही, टायर झिजल्यावरच कळते.